दबक्या पावलांचे भक्तिगान: झुलू पद्धतीचे वाद्यविरहित गायन गटाने कसे बसवावे

दक्षिण आफ्रिकेतील झुलू लोकांच्या वाद्यविरहित समूहगायनाला ‘इसिकाथामिया’ म्हणतात. हे नाव ज्या झुलू क्रियापदावरून आले आहे, त्याचा अर्थ पाऊल न वाजवता, मांजरासारखे दबकत चालणे असा होतो. कोणत्याही वाद्याशिवाय हे गायन बसवू पाहणाऱ्या गटाने पहिला धडा या अर्थातूनच घ्यावा. आवाज भरदार असावा, पण तो ऐकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये.

हा संयम कुठून आला, हे गटातील प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. आजच्या क्वाझुलू-नाताल प्रांतातील खेड्यांतून खाणींत आणि कारखान्यांत कामाला आलेले पुरुष जोहान्सबर्ग आणि दरबान येथील कामगार वसतिगृहांत राहत, आणि शनिवारच्या रात्री त्यांच्या गायनाच्या स्पर्धा पहाटेपर्यंत चालत. या गायनात घरच्या लग्नातील गाणी होती, मिशनऱ्यांनी शिकवलेली चार आवाजांची स्तोत्रे होती, आणि १८९० च्या दशकात ऑर्फियस मॅकआडू यांच्या कृष्णवर्णीय अमेरिकन गायकमंडळाने दक्षिण आफ्रिकेत केलेल्या दौऱ्यांचा ठसाही होता. १९३९ मध्ये सॉलोमन लिंडा आणि त्यांच्या साथीदारांनी जोहान्सबर्गमध्ये ‘म्बुबे’, म्हणजे ‘सिंह’, हे गीत ध्वनिमुद्रित केले आणि खर्जाच्या भक्कम थरावर तरंगणारा एकच उंच आवाज ही रचना सर्वतोमुखी झाली. लेडीस्मिथ गावचे जोसेफ शबालाला यांनी १९६० च्या दशकात आपल्या ‘लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो’ या गटात त्याच रचनेला अधिक मृदू आणि काटेकोर रूप दिले, तर १९७० च्या दशकात ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर तिच्यात प्रार्थनेचे शब्द अधिकाधिक आणले. घरापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या माणसाने घराकडे आणि देवाकडे एकाच स्वरात पाहावे, ही या गाण्याची जागा आहे. माझ्या मते भाषा न कळणारा श्रोताही त्यामुळेच त्याच्याकडे ओढला जातो.

आता प्रत्यक्ष तयारीकडे वळू. दहा जण असतील तर त्यांपैकी सहा किंवा सात जणांना खर्ज द्यावा, आणि उरलेल्यांत एक अग्रगायक, एक उंच मधला आवाज आणि एक किंवा दोन टेनर, म्हणजे खर्जापेक्षा वरच्या पट्टीत गाणारे पुरुष, ठेवावेत. पाश्चात्त्य चर्चगायनात चारही आवाज साधारण समसमान विभागले जातात, आणि बहुतेक नवे गट नेमके तसेच करून फसतात. तसे केले की स्तोत्र उत्तम होते, पण ते झुलू राहत नाही. परंपरेत हे गट बहुतांशी पुरुषांचेच असतात आणि मधला उंच आवाजही पुरुषच कृत्रिम स्वरात गातो. मिश्र गटाने तो भाग एखाद्या स्त्रीकडे द्यायला मात्र हरकत नाही.

पहिल्या आठवड्यात फक्त खर्जाच्या गायकांनी बसावे. सर्वांनी एकच स्वर ‘ओ’कारात, जबडा सैल सोडून, इतक्या हळू धरावा की प्रत्येकाला शेजाऱ्याचा श्वास ऐकू येईल. श्वास सर्वांनी एकाच वेळी न घेता आळीपाळीने घ्यावा, म्हणजे स्वराची चादर कुठेही फाटत नाही. गळ्यातून घरघर काढून खर्ज मोठा करण्याचा मोह आवरावा, कारण सात जणांचा हलका स्वर तंतोतंत जुळला तर तो एका माणसाच्या गर्जनेपेक्षा जड भासतो.

खर्ज स्थिर झाल्यावर पुढील चार स्वरसमूहांचे आवर्तन घ्यावे, कारण दक्षिण आफ्रिकेतील असंख्य गाणी याच वळणावर फिरतात. सर्व स्वर शुद्ध आहेत. खर्जाने सा, म, प, प असे जावे. टेनरने सा, सा, सा, नि. मधल्या आवाजाने ग, म, ग, रे. आणि वरच्या आवाजाने, म्हणजे अग्रगायकाने, प, ध, प, प. तिसऱ्या ठिकाणी वरचे तिघे षड्जाच्या समूहावर परततात, पण खर्ज पंचमावरच उभा राहतो. घर दिसते आहे, पण पाय अजून उंबऱ्याबाहेर आहे, अशी जी ओढ तिथे निर्माण होते तीच या आवर्तनाचे मर्म आहे. म्हणून तिथे घाई करू नये. वाद्यावर सूर फक्त सुरुवातीला एकदा घ्यावा आणि वीस आवर्तने झाल्यावर पुन्हा तपासावा. सूर उतरला असेल तर बहुतेक वेळा दोष मधल्या आवाजाच्या गंधारात सापडतो.

शब्दांसाठी ‘सियाबोंगा न्कोसी’, म्हणजे ‘प्रभो, आम्ही आभार मानतो’, एवढेच पुरे आहेत. झुलूमध्ये वाक्याच्या अखेरच्या शब्दातील उपांत्य अक्षर लांबते, म्हणून ‘न्कोऽऽसी’ असे गावे आणि शेवटचा ‘सी’ अलगद सोडावा. ही भाषा सुरांची असल्याने स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थही बदलू शकतो. त्यामुळे अग्रगायकाने एखाद्या झुलूभाषकाचे बोलणे ऐकून चालीची दिशा त्यावरून ठरवावी. मराठी गायकाला इथे एक मोठा लाभ आहे: झुलूतील महाप्राण उच्चार आपल्या ख, थ, फ यांच्या जवळचे आहेत. चटकारे मात्र शिकावे लागतात. ‘इसिकाथामिया’ या नावात लेखनाच्या सोयीसाठी आपण ‘का’ लिहितो, पण तिथे खरा ध्वनी हळहळताना आपण ‘च्च’ करतो तो, दातांमागे जीभ लावून ओढलेला चटकारा आहे. दुसरा चटकारा बाटलीचे बूच उडाल्यासारखा, तर तिसरा घोड्याला हाकताना गालाच्या कडेने काढतात तसा. हे ध्वनी आधी बोलण्यात बसवावेत, मगच गाण्यात आणावेत.

अग्रगायकाने ओळ एकट्याने उचलावी आणि गटाने ती संपण्यापूर्वीच उत्तर द्यावे. हाक आणि उत्तर यांच्या कडा एकमेकींवर चढल्या की गाणे वाहू लागते. सुरुवातीचा भाग स्तोत्रासारखा संथ आणि तालमुक्त ठेवावा, आणि नंतर लय ठाम करून आवर्तनात शिरावे.

गीत कोणाचे आहे, हे मंचावरून सांगायला विसरू नये. लिंडा यांनी ‘म्बुबे’चे हक्क अवघ्या दहा शिलिंगांना दिले, १९६२ मध्ये ते गरिबीत वारले, आणि त्या चालीवर जगभर गाणी निघत असताना त्यांच्या कुटुंबाला समझोता मिळायला २००६ साल उजाडले. निर्मात्याचे नाव घेणे आणि हक्कांची परवानगी काढणे हा म्हणूनच सरावाचाच भाग मानावा.

एकसारखा पोशाख आणि चकचकीत बूट ही परंपरा आहे. बुटांचे कारण पुढे कळते. पावले शेवटी शिकवावीत. अर्धवर्तुळात उभे राहून गुडघे किंचित वाकवावेत, पाय उंच उचलावा, जणू आता जमीन दणाणणार, आणि टेकवताना बोटांवर हलकेच ठेवावा. वसतिगृहातील पहारेकऱ्यांना जाग येऊ नये म्हणून ही चाल आली, असे गायक सांगत आले आहेत. सराव लाकडी जमिनीवर बूट घालून करावा आणि एकाने डोळे मिटून ऐकत बसावे. त्याला पावलांचा आवाज ऐकू आला, तर गाणे थांबवून पहिल्या आवर्तनापासून पुन्हा सुरू करावे.