कॅम्पर व्हॅनमध्ये छोटा इन्व्हर्टर बसवण्याआधी

मुंबईत वीज सहसा जात नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला शहरभर गेली, तसा दिवस विरळाच. त्यामुळे गावाकडच्या घरात जिन्याखाली बॅटरी असते तशी आपल्या ब्लॉकमध्ये नसते, आणि बॅटरीशी आपली ओळख गाडीच्या बॉनेटपुरतीच राहते. मग कॅम्पर व्हॅन हाताशी आली की माणूस थेट लोहार चाळ किंवा लॅमिंग्टन रोड गाठतो आणि आधी इन्व्हर्टरच उचलून आणतो. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी घ्यायचा. दुकानात गेल्यावरही नुसतं ‘इन्व्हर्टर द्या’ म्हणू नका, नाहीतर घरी वीज गेल्यावर लागतो तो जड डबा समोर येईल. आपल्याला हवा तो १२ व्होल्ट डीसीवरून २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ एसी देणारा, गाडीत बसणारा.

पहिलं काम कागदावरचं. रात्री मुक्कामाला काय काय चालवणार ते लिहा, प्रत्येकापुढे वॅट आणि तास मांडा. लॅपटॉप ६० वॅट, चार तास, म्हणजे २४० वॅट-तास. छोटा टीव्ही ५० वॅट, दोन तास, १००. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि किरकोळ ६०. बेरीज ४००. इन्व्हर्टर स्वतःही दहा-पंधरा टक्के खातो, तेव्हा ४५० धरा. बॅटरीच्या १२ व्होल्टने भागलं की साधारण ३८ अँपिअर-तास. हा आकडा हातात आला की बॅटरीचा निम्मा प्रश्न सुटला.

याच कागदावर काय चालवणार नाही तेही लिहा. इंडक्शन शेगडी, पाण्याची किटली, इस्त्री, हेअर ड्रायर ही सगळी हजार-दोन हजार वॅटची मंडळी आहेत, त्यांना छोट्या इन्व्हर्टरवर जागा नाही. ५०० वॅटचा मिक्सर कागदावर बसतो, पण सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढतो आणि ६०० वॅटचा इन्व्हर्टर ओव्हरलोडवर बंद पडतो. चटणी घरून वाटून न्या. मोबाइल, एलईडी दिवे, पंखा, वायफायचा राउटर यांना तर इन्व्हर्टर लागतच नाही. १२ व्होल्टचा पंखा आणि यूएसबी सॉकेट थेट बॅटरीवर घेतलं की १२ चे २३० आणि २३० चे पुन्हा ५ करण्यातली नासाडी वाचते. या चाळणीनंतर बहुतेकांचं काम ३०० ते ६०० वॅटमध्ये भागतं. प्युअर साइन वेव्हच घ्या, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा. पायऱ्यापायऱ्यांची लाट देणारा मॉडिफाइड साइन स्वस्त पडतो, पण त्यावर पंखे गुणगुणतात, मोटर जास्त तापते, आणि घरात कोणाला झोपेत श्वासासाठी सीपॅप मशीन लागत असेल तर तिथे काटकसर नकोच.

आता बॅटरी. गाडी स्टार्ट करायची बॅटरी या कामाला जुंपू नका. ती क्षणभर जोर लावण्यासाठी बनलेली असते, रात्रभर झिजण्यासाठी नाही. सकाळी माळशेजच्या माथ्यावर धक्का मारायला माणसं शोधावी लागतील. घरगुती ट्युब्युलर बॅटरीही नको: उंच, जड, पाणी घालायची, आणि वळणावर ॲसिड हिंदकळणारी. एजीएम (ॲसिड न हिंदकळणारी सीलबंद लेड-ॲसिड) किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट, दोन्हींपैकी एक. लेड-ॲसिड प्रकारातली बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून वरच्या ३८ साठी किमान ८०, आणि शहाणपणाने १०० अँपिअर-तासांची घ्या. लिथियम ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरता येते आणि वजन एजीएमच्या निम्म्याहून कमी. फक्त तिच्या आतला बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, किती अँपिअर सोडतो ते लेबलवर पाहा.

ती चार्ज कशी करणार, हेही आजच ठरवा. बीएस-६ गाड्यांमधले बरेचसे अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे) इंधन वाचवायला व्होल्टेज कमी-जास्त करतात, त्यामुळे साधा रिले (विजेवर चालू-बंद होणारा स्विच) लावून दुसरी बॅटरी पूर्ण भरेलच असं नाही. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर घाला, तो दुसऱ्या बॅटरीला हवं ते व्होल्टेज देतो. इमारतीच्या पार्किंगमधल्या सॉकेटवरून चार्ज करायचं तर आधी सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलून घ्या. कॉमन मीटरवर परस्पर वायर टाकली की पुढच्या मीटिंगमध्ये विषय निघतोच.

खरा पैसा आणि खरं डोकं लावायचं ते बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामधल्या दोन-तीन फुटांत. २३० व्होल्टवर ६०० वॅट म्हणजे तीनच अँपिअरच्या आत. १२ व्होल्टवर तेच ५० होतात, आणि बॅटरी उतरत आली की नुकसानीसकट ६० च्या वर जातात. ओळखीचा वायरमन चार किंवा सहा स्क्वेअर एमएमची घरगुती वायर घेऊन आला तर त्याला चहा पाजा, वायर परत पाठवा. हिशेब असा: दोन मीटर जाणारी आणि दोन मीटर येणारी सहा स्क्वेअर एमएमची वायर ६० अँपिअरला पाऊण व्होल्टच्या आसपास खाते. बॅटरी ११.५ दाखवत असते, इन्व्हर्टरला पावणेअकरा मिळतात, आणि तो लो-बॅटरीचा भोंगा वाजवू लागतो. लोक मग बॅटरीला दोष देतात. २५ स्क्वेअर एमएम लवचीक तांब्याच्या वायरवर तीच घट ०.२ व्होल्टपर्यंत येते. अंतर शक्यतो मीटरभरातच ठेवा. लांबवायचीच झाली तर २३० ची बाजू लांबवा, १२ ची नाही.

सिगारेट लायटरच्या सॉकेटवर ६०० वॅट चालवायचा विचार सोडून द्या. त्याचा फ्यूज १० ते १५ अँपिअरचा, म्हणजे दीडशे वॅटच्या आसपास सगळं संपलं.

फ्यूज पॉझिटिव्हवर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. तो इन्व्हर्टरसाठी नसतो, वायरसाठी असतो: पत्र्यावर घासून वायर सोलली तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा बिनपहाऱ्याचा राहतो. ६०० वॅटला ८० अँपिअरचा एएनएल (बोल्टने बसणारा) फ्यूज साधारण बरोबर, तरी मॅन्युअलमधला आकडा प्रमाण माना. लिथियम शॉर्टमध्ये प्रचंड करंट सोडते, तिला तेवढा करंटही तोडू शकणारा क्लास-टी फ्यूज लावा. घरच्या बोर्डातला, एसी करंटसाठीचा एमसीबी इथे चालवू नका. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून त्यातली ठिणगी विझते. डीसीला तशी उसंत नसते.

वायरच्या टोकांना बसणारे थिंबल टिन केलेलेच घ्या आणि हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूलने दाबून घ्या. पकडीने चेपलेलं थिंबल मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत एका पावसाळ्यात हिरवं पडतं. वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा, जोडणीनंतर टर्मिनलवर पेट्रोलियम जेली. निगेटिव्हही बॉडीवर न टेकवता थेट बॅटरीपर्यंत न्या. गंजलेल्या पत्र्यातून ६० अँपिअर नेण्यात हशील नाही. पत्र्यातून वायर जाईल तिथे रबरी ग्रोमेट विसरू नका.

जागा ठरवताना आधी गॅस कुठे आहे ते बघा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो, आणि स्विच-रिलेमध्ये ठिणगी पडू शकते. म्हणून सिलिंडरच्या कप्प्यात किंवा त्याच्या शेजारी खाली इन्व्हर्टर नको. बॅटरीच्या बरोबर डोक्यावरही नको. सीटखाली बसवणार असाल तर इन्व्हर्टरच्या पंख्याच्या दोन्ही बाजूंना हवा खेळती ठेवा. मे महिन्यात बंद गाडी आत किती तापते ते माहीतच आहे, आणि ४० अंशांच्या वर बरेच इन्व्हर्टर पूर्ण ताकद देत नाहीत. वॉटरप्रूफ प्लायचा तुकडा आधी गाडीला, त्यावर इन्व्हर्टर, हादऱ्यांनी सैल न होणाऱ्या नायलॉक नटांनी. पत्र्याला भोक पाडण्याआधी गाडीखाली आडवं होऊन बघा. ब्रेकची आणि डिझेलची लाइन तिथूनच जाते. सीट काढणार किंवा बॉडी कापणार असाल तर काम वेगळं: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मुळे आरटीओची परवानगी लागते. विमा कंपनीलाही कळवून ठेवा.

२३० च्या बाजूला हात कमीत कमी लावा. एकच चांगला एक्स्टेन्शन बोर्ड, थेट इन्व्हर्टरच्या सॉकेटमधून. बाहेरची वीज आणि इन्व्हर्टर एकाच लाइनवर कधीही एकत्र येता कामा नयेत. कायमची वायरिंग करायचीच तर चेंजओव्हर स्विच आणि लायसन्स असलेला इलेक्ट्रिशियन. बऱ्याच छोट्या इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, त्यामुळे आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) लावला म्हणून तो पडेलच असं नाही. आणि मॅन्युअल सांगत नसेल तर स्वतःहून ते जोडू नका, इन्व्हर्टर जळू शकतो.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी अंगठी-घड्याळ काढून ठेवा, पान्याला टेप गुंडाळा, पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. निगेटिव्ह आधी सोडायचा आणि शेवटी जोडायचा. जोडण्याआधी मल्टिमीटरने पोलॅरिटी दोनदा तपासा. उलटी लागली तर बहुतेक इन्व्हर्टर तिथेच संपतात. शेवटच्या जोडणीला छोटी ठिणगी उडेल, ते आतले कपॅसिटर भरत असतात. आधी शंभर वॅटचा बल्ब लावा, मग खरा लोड तासभर. मधूनमधून थिंबल आणि फ्यूज होल्डरला हात लावून पाहा. चटका बसत असेल तर ती जोडणी पुन्हा करा. रिकामा चालू ठेवलेला इन्व्हर्टरही दिवसभरात दहा-वीस अँपिअर-तास गिळतो, तेव्हा त्याचा रिमोट स्विच झोपायच्या जागेजवळ आणा. आणि पहिल्या सहलीला कसारा किंवा बोरघाट उतरलात की चहाला थांबाल तेव्हा लोड बंद करून, फ्यूज काढून सगळे नट पुन्हा एकदा आवळा.