सुगंधी तेलाच्या काचेच्या बाटल्या : वास घालवून पुन्हा वापरात आणताना

इसेन्शियल ऑइलची रिकामी बाटली नळाखाली विसळली की चकचकीत दिसते, पण दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की जुना वास तसाच येतो. ही तेलं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, अल्कोहोलमध्ये विरघळतात. बाटलीत नुसतं सुगंधी तेल असेल तर आधी स्पिरिट (म्हणजे इथे आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मग साबणाचं पाणी वापरा. ते बदाम किंवा खोबरेल तेलात मिसळलेलं असेल तर क्रम उलटा करा, कारण अशी स्निग्ध तेलं स्पिरिटने नीट निघत नाहीत, त्यांना साबणच लागतो.

सुरुवात लेबलपासून करा. झाकण घट्ट लावून बाटली गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. कागद सुटतो, चिकट थर मात्र राहतो. त्यावर कुठलंही खाद्यतेल चोळून पंधरा मिनिटं थांबा, मग फडक्याने घासा. हे काम आतल्या सफाईच्या आधीच उरका, नाहीतर बाहेरचं तेल गळ्यातून पुन्हा आत जातं.

आता गळ्यात बसवलेलं, थेंब पाडणारं प्लास्टिकचं बूच काढायचं. बाटली पाच मिनिटं कोमट पाण्यात धरली की ते जरा मऊ पडतं. बोथट सुरीचं टोक त्याच्या कडेखाली घालून चहूबाजूंनी थोडंथोडं उचला. एकाच बाजूने जोर लावला तर काचेच्या कडेचा टवका उडतो, आणि अशी बाटली टाकूनच द्यावी.

बाटली कागदावर पालथी घालून आत उरलेले थेंब निथळू द्या. मग १० मिलिच्या बाटलीत २ ते ३ मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोल घाला. ९० टक्क्यांचं मिळालं तर उत्तम, त्यात पाणी कमी असतं. झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा, ओता, पुन्हा एकदा करा. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास शेगडी, उदबत्ती काही पेटलेलं नको.

चंदन, वाळा, पचौली यांसारखी दाट तेलं किंवा जुनं होऊन चिकटलेलं लिंबूवर्गीय तेल तळाशी तपकिरी कडं धरतं. ब्रश आत जात नाही. अशा वेळी स्पिरिटसोबत पाव चमचा जाडं मीठ घाला. मीठ स्पिरिटमध्ये फारसं विरघळत नाही, त्यामुळे त्याचे खडे आतून घासत राहतात. नंतर कोमट पाण्याने ते आपोआप विरघळून जातं. हे कडं काढण्याचा कंटाळा करू नका. हवा लागून बिघडलेल्या तेलाने त्वचेला ॲलर्जी होऊ शकते, आणि त्याचा अंश नव्या तेलात मिसळला तर तेही लवकर खराब होतं. व्हिनेगरचा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. त्याने पाण्याचे पांढरे डाग जातात, तेल जात नाही.

यानंतर भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब आणि गरम पाणी घालून हलवा, फेस पूर्ण जाईपर्यंत विसळा. थंड बाटलीत उकळतं पाणी ओतू नका, काच तडकते.

उकळणं प्रत्येक वेळी गरजेचं नाही. बाटलीत पाणी असलेला स्प्रे भरायचा असेल तर मात्र उकळा : पातेल्याच्या तळाशी फडकं, त्यावर बाटल्या, गार पाणी, आणि उकळी आल्यावर दहा मिनिटं. बाहेरून रंग दिलेल्या बाटल्यांचा रंग याने निघू शकतो.

तेलासाठी खरा कस लागतो तो वाळवण्यात. गळा अरुंद असल्याने पालथ्या बाटलीतही पाण्याचा थेंब खांद्याशी अडकून बसतो, आणि तेवढ्या पाण्यानेही तेल गढूळ होतं. शेवटी १ मिलि स्पिरिट घालून फिरवा आणि ओतून टाका. ते पाण्याला सोबत घेऊन जातं, उरलेलं उडून जातं. मग रात्रभर तोंड उघडं ठेवून बाटली कोरडी होऊ द्या. स्पिरिट फिरवलेली बाटली ओव्हनमध्ये कधीच ठेवायची नाही.

सकाळी बाटलीचं तोंड बंद करून दोन तासांनी हुंगा. वास येत असेल तर काचेपेक्षा झाकणावर आधी संशय घ्या. काच वास धरत नाही, प्लास्टिक आणि रबर तो शोषून घेतात. म्हणून बूच, झाकण आणि ड्रॉपरचा रबरी फुगा शक्यतो नवे घ्या. फुगा चिकट किंवा फुगलेला लागला तर तो तेलाने खराब झालेला आहे. ड्रॉपर लावून सुगंधी तेल साठवूच नका, त्याची वाफ रबर खाते. ड्रॉपर फक्त वापरण्यापुरता घाला, एरवी साधं झाकण.

या बाटल्यांत खाण्यापिण्याचं किंवा डोळ्यांत घालायचं काहीही भरू नका. नवं तेल भरलं की त्याच दिवशी नाव आणि तारीख लिहून चिकटवा. तपकिरी काचेतून आतला रंग ओळखता येत नाही.