बर्फातला राजवाडा करडा येत होता तेव्हा

सेंट पीटर्सबर्गजवळच्या पुश्किन येथील कॅथरीन राजवाड्याची, म्हणजे वास्तुशिल्पी रास्त्रेल्ली याने १७५६ मध्ये पूर्ण केलेल्या वास्तूची छायाचित्रे मी डिसेंबरात काढू लागलो, तेव्हा बर्फ करडा आणि निळ्या भिंती काळवंडलेल्या येत होत्या. कारण कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो आणि एवढा शुभ्रपणा दिसताच प्रकाश कमी करतो. हिस्टोग्रामची, म्हणजे चित्रातल्या गडद ते उजळ छटांच्या आलेखाची, उजवी (उजळ) कड कापली जात नाही हे पाहत एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मापकाने ठरवलेला प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय, +१.३ वर नेल्यावर बर्फ पांढरा आणि सोनेरी घुमट (ते झाकोळले असते तर चुटपुट लागली असती) उजळ आले. थंडीने मान टाकलेली बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ऊब मिळताच पुन्हा चालली. उबदार खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद केला, त्यामुळे बाष्प भिंगाऐवजी पिशवीवर साचले.