शेण-चिखलाच्या घटातला कार्बन: या चुका टाळा

डब्यात चिखल भरला, दोन इलेक्ट्रोड खोवले आणि मल्टिमीटरने 0.7 व्होल्ट दाखवले, एवढ्यावर सूक्ष्मजीव इंधन घट, म्हणजे चिखलातल्या जीवाणूंकडून वीज मिळवणारा घट, जमला असे धरू नका. आधी जोडतार बघा. जीआय तार (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार) असेल तर तिच्यावरचे जस्तच विरघळून व्होल्ट देत असते, जीवाणूंचा त्यात हात नसतो. तांब्याची तार त्याहून वाईट. ती गंजते आणि सुटलेले तांबे जीवाणूंना मारक ठरते. टायटॅनियम उत्तम, नाहीतर चांगले स्टेनलेस स्टील. सांधा इपॉक्सीने पक्का बंद करा. शंका फिटत नसेल तर तोच चिखल प्रेशर कुकरमध्ये शिजवून, गार करून दुसऱ्या डब्यात भरा. तिथेही पहिल्या दिवसापासून तेवढाच करंट आला, तर ती वीज धातूची.

इलेक्ट्रोड म्हणून जुन्या सेलमधली कार्बनची कांडी वापरणाऱ्यांनीही जपावे. तिला चिकटलेली मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड स्वतःच आकडा फुगवते. चुलीतला कोळसा तर बहुधा वीज वाहूनच नेत नाही. मल्टिमीटर ओहमवर लावून बघा.

नवे कार्बन फेल्ट (कार्बनच्या धाग्यांचा नमदा) पाणी झिडकारते. ते अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून स्वच्छ धुवा. प्रयोगशाळेत भट्टी असेल तर हवेत 450 अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवा, पण तार जोडण्याआधी.

खरी गफलत क्षेत्रफळात होते. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचे (बारीक छिद्रांनी भरलेल्या कोळशाचे) एका ग्रॅमला 1000 चौरस मीटर क्षेत्रफळ वाचून लोक तोच अ‍ॅनोडला, म्हणजे जीवाणू बसतात त्या चिखलातल्या इलेक्ट्रोडला, घालतात. पण त्यातली बरीचशी छिद्रे 2 नॅनोमीटरपेक्षा बारीक आणि जिओबॅक्टरसारखा वीज देणारा जीवाणू 1000 नॅनोमीटरपेक्षाही लांब. त्याच्या दृष्टीने ही सातबाऱ्यावरची पोटखराब जमीन: कागदावर आहे, पेरणीला नाही. अ‍ॅनोडला मोकळ्या धाग्यांचे फेल्ट किंवा ग्राफाइट ब्रश घ्या. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन कॅथोडला, म्हणजे हवेकडच्या इलेक्ट्रोडला, द्या. ऑक्सिजनचे रेणू त्या छिद्रांत सहज शिरतात आणि महागड्या प्लॅटिनमशिवाय काम भागते. साधे ग्राफाइट तिथे फार मंद चालते, आणि दोष उगाच अ‍ॅनोडला लागतो. कॅथोड चिखलात बुडवला असेल तर आधी वर काढा, त्याला हवा लागते.

मोजमाप लोड लावूनच करा. 1000 ओहमच्या रेझिस्टरवर 0.3 व्होल्ट म्हणजे जेमतेम 0.09 मिलिवॉट. लाल एलईडीला सुमारे 1.8 व्होल्ट लागतात, म्हणून घट एकापुढे एक जोडण्याचा मोह होतो. त्यात एखादा अशक्त घट उलटा फिरतो आणि बाकीच्यांची वीज खातो. त्यापेक्षा वीज साठवणारा कपॅसिटर आणि व्होल्ट वाढवणारे बूस्टर सर्किट बरे.

करंट वाढायला काही दिवस, कधी आठवडेही लागतात. तेवढ्यात अ‍ॅनोड उपसून घासू नका, त्यावरचा बुळबुळीत थर म्हणजेच जीवाणू. कॅथोडवर पांढरे क्षार साचले असतील तर मात्र तो काढून सौम्य आम्लाने धुवा, आणि भरपूर पाण्याने खळबळून मगच परत बसवा.