कडब्याच्या धाटांची बैलगाडी

सोलापुरात रब्बी ज्वारीची काढणी झाली की कडबा मिळतो. मालदांडी या ज्वारीच्या वाणाची धाटं उंच, म्हणजे लांब कांडी मिळतात. अंगठ्याएवढी जाड, पूर्ण वाळलेली धाटं घ्या. ओल्या धाटाचा गाभा नंतर आकसतो, सांधे सुटतात. पावसात भिजलेला काळा गाभा तर भुगाच होतो.

पेरांच्या गाठी टाळून दोन कांडी १२ सेंमीची, तीन ६ सेंमीची कापा. साल मोठ्यांनीच सोलावी, तिची कड ब्लेडसारखी कापते. सालीच्या २ मिमी रुंद, टोकदार पट्ट्या म्हणजे आपले खिळे. लांब दांड्यांमध्ये आडवी कांडी याच खिळ्यांनी बसवा. टोकापासून एक सेंमी आत टोचा, नाहीतर गाभा चिरतो.

चाकांना बाटलीची झाकणं, आसाला खराट्याची काडी. आस गाडीत घट्ट ठेवा आणि झाकणाचं भोक सैल. उलट केलं तर फिरत्या काडीनं गाभ्यातलं भोक मोठं होतं, चाकं डगमगतात. चाकाबाहेर गाभ्याचा छोटा तुकडा खोचा. बैल मात्र मुलांनाच करू द्या, वाकडेच छान दिसतात. मोडली तरी सगळी गाडी गुरांपुढे टाकू नका. झाकणं आधी काढा.