सातबारा फॉर्ममध्ये मावत नाही तेव्हा

रत्नागिरीत राहून वेबसाइटचं काम मिळतं का, असं नुकतीच पदवी घेतलेली मुलं मला विचारतात. मिळतं. पण बहुतेकांच्या डोक्यात असतं ते सुंदर मुखपृष्ठ, आणि इथे खरी गरज असते ती फॉर्मची. होमस्टेची नोंदणी, पाणीपट्टीची तक्रार, बागायतदारांची यादी. हे काम कुणी मागून घेत नाही, म्हणून ते नव्या माणसाच्या वाट्याला लवकर येतं. माझ्याही तसंच आलं. त्यातून जे शिकले ते इथे लिहिते.

कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव अधिकृतपणे वापरायचं तर बागायतदाराला स्वतःची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी कागद लागतात. एका स्थानिक संस्थेला ही माहिती आधीच गोळा करून ठेवायची होती. साइट ड्रुपलमध्ये, म्हणजे वेबसाइट बांधायच्या एका तयार प्रणालीत होती. मी ‘बागायतदार’ नावाचा कंटेंट टाइप, म्हणजे नोंदीचा साचा केला, त्याला फील्ड (रकाने) जोडली: नाव, गाव, पिनकोड, मोबाइल, ईमेल, सर्व्हे नंबर, क्षेत्र, कलमांची संख्या. दोन दिवसांत फॉर्म तयार झाला. मी स्वतःची माहिती भरून पाहिली, ‘जतन झाले’ असा संदेश आला, आणि मला वाटलं काम झालं.

पहिल्याच आठवड्यात देवगडकडचे एक काका सातबारा घेऊन ऑफिसात आले. त्यांचा नंबर होता ११२/३अ/१. मी ते फील्ड ‘पूर्णांक’ ठेवलं होतं, कारण नावातच ‘नंबर’ होता. काका शांतपणे म्हणाले, “गो बाय, सातबारो खोटो काय तुजो फॉर्म खोटो?”

मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. कोकणात जमिनीचे हिस्से पडत पडत नंबरापुढे तिरकी रेघ, अक्षर, पुन्हा रेघ असं सगळं लागत जातं. तो नंबर दिसतो, पण त्याची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही. ज्याची गणितं होत नाहीत ते मजकुराच्या फील्डमध्ये ठेवायचं. मोबाइल आणि पिनकोडही तसेच. ही चूक सुरुवातीलाच टाळा, कारण ड्रुपलमध्ये फील्डमध्ये माहिती भरली गेली की त्याचा प्रकार बदलता येत नाही. नवं फील्ड करून जुन्या नोंदी त्यात हलवाव्या लागतात. मी ते दोन रात्री जागून केलं.

क्षेत्राचं प्रकरण त्याहून अवघड निघालं. सातबाऱ्यावर ०.४०.५० असं लिहिलेलं असतं, म्हणजे शून्य हेक्टर, चाळीस आर, पन्नास चौरस मीटर. दोन टिंबांचा दशांश कुठलंच आकड्याचं फील्ड घेत नाही. मग भरणारे एक टिंब काढून टाकत, कुणी पहिलं, कुणी दुसरं, आणि कुणी तोंडी सवयीने गुंठे लिहीत. नोंद जतन होत होती, फक्त ती चुकीची होती. नाकारलेली नोंद निदान कळते. ही कळली ती एका लहानशा बागेचं क्षेत्र अख्ख्या वाडीपेक्षा मोठं दिसलं तेव्हा. आता मी तीन छोटे रकाने देते, सातबाऱ्याच्या क्रमाने. आर आणि चौरस मीटर ० ते ९९ मध्येच हवेत, हा नियम कागदातूनच मिळतो. आत साठवताना सगळ्याचे चौरस मीटर करते. वरच्या उदाहरणाचे ४०५०.

माझा पिनकोडचा नियमही असाच घाईचा होता. रत्नागिरी शहर ४१५६१२, म्हणून जिल्हा ४१५ ने सुरू होणार असं गृहीत धरलं. लांज्याचा ४१६७०१ आणि राजापूरचा ४१६७०२ आहे. त्याच जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांना मी दारातूनच परत पाठवत होते. सहा अंक, पहिला शून्य नको, एवढंच तपासणं पुरेसं होतं.

आता जरा यंत्राच्या आतलं. ड्रुपलमध्ये फॉर्मचे तीन टप्पे असतात: बांधणी, तपासणी, सादर करणं. तपासणीत चूक सापडली तर ती नेमक्या त्या फील्डला चिकटवता येते आणि भरलेला बाकीचा मजकूर तसाच राहतो. ही सोय मोलाची आहे. वीस रकाने भरून झाल्यावर सगळं कोरं झालेलं पाहिलेला माणूस पुन्हा तुमच्या साइटवर येत नाही. वर्डप्रेस या तशाच दुसऱ्या प्रणालीत स्वतः प्लगइन (जोड-प्रोग्राम) लिहीत असाल तर ही काळजी तुम्हालाच घ्यावी लागते.

ब्राउझरमधली तपासणी म्हणजे बागेचा गडगा, दगडांचं कुंपण. गडग्याने गुरं थांबतात, वानर थांबत नाहीत. ‘हे भरणं आवश्यक’ असं ब्राउझरला सांगितलं तरी ते सहज ओलांडता येतं, म्हणून प्रत्येक नियम सर्व्हरवर, म्हणजे साइट जिथे चालते त्या संगणकावर, पुन्हा हवाच. ड्रुपलमध्ये ‘जमीन सामायिक आहे’ वर टिक केली की सहहिस्सेदारांचा रकाना उघडेल आणि आवश्यक होईल, अशी रचना पटकन होते. पण ते ‘आवश्यक’ फक्त पडद्यावर असतं. मी त्यावर विसंबले होते. सर्व्हरवर तो नियम वेगळा लिहावा लागतो. शिवाय फॉर्मची तपासणी फॉर्ममधून आलेल्या माहितीलाच लागू होते. पुढे कुणी एक्सेलची यादी इंपोर्ट केली की ती बाजूने आत शिरते. म्हणून महत्त्वाचे नियम फॉर्मवर न ठेवता एंटिटीवर, म्हणजे साठवल्या जाणाऱ्या नोंदीवरच ठेवा, आणि इंपोर्टच्या कोडमध्ये जतन करण्याआधी तपासणी स्वतः बोलवा. ती आपोआप होत नाही.

मराठीत भरणाऱ्यांसाठी काही गोष्टी कुठल्याच प्रशिक्षणात मला कुणी सांगितल्या नाहीत. माणूस ‘९’ लिहितो, पीएचपीच्या (ड्रुपल ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलंय तिच्या) ‘आकडा आहे का’ या तपासणीला तो आकडा वाटत नाही. म्हणून आधी मराठी अंकांचे इंग्रजी अंक करायचे, मोकळ्या जागा आणि पुढचे +९१ काढायचे, आणि मगच दहा अंक मोजायचे. आधी साफसफाई, मग तपासणी. लांबीचंही तसंच. ‘रत्नागिरी’ आपल्याला चार अक्षरं दिसतात, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या तक्त्यात, ती नऊ चिन्हं आहेत, आणि पीएचपीचं लांबी मोजणारं साधं फंक्शन सत्तावीस सांगतं, कारण ते बाइट, म्हणजे साठवणीची एककं मोजतं. नावाला वीसची मर्यादा घातलीत तर इथे कुणाचंच नाव बसणार नाही.

आणि मिऱ्या. रत्नागिरीजवळचं हे गाव टाइप करताना मधला ऱ्य दोन पद्धतींनी उमटतो, कीबोर्डप्रमाणे. डोळ्यांना दोन्ही एकच, संगणकाला दोन वेगळी गावं. गाववार यादी काढली तर मिऱ्या दोनदा आलं, आणि मी अर्धा दिवस कोडमध्ये चूक शोधत होते. तेव्हापासून गाव टाइप करू देत नाही, तालुका निवडला की यादीतून निवडायचं.

ईमेल आवश्यक ठेवू नका. मी ठेवलं होतं, तर माहिती भरून देणाऱ्या केंद्राने सगळ्यांसाठी स्वतःचाच एक पत्ता टाकला. चूक त्यांची नव्हती. ज्याच्याकडे जे नाही ते मी सक्तीने मागत होते. मोबाइल ‘एकमेव’ हवा असंही ठेवू नका, एका घरात तीन भावांचा एकच फोन असतो. नेट अडखळलं की लोक बटण दोन-तीनदा दाबतात, त्यामुळे दुबार नोंदी होतात हे खरं. पण तिथे मी नकार देत नाही. तोच मोबाइल आणि तोच सर्व्हे नंबर दिसला तर विचारते: ही नोंद आधी झाली आहे का?

सातबाऱ्याचा फोटो मागत असाल तर सर्व्हरची मर्यादा आधी बघा. पीएचपीत मूळ मर्यादा एका फाइलला २ एमबी असते, फोनचा फोटो सहज त्यापुढे जातो. संपूर्ण फॉर्मची मर्यादा ८ एमबी, आणि ती ओलांडली तर भरलेलं सगळंच सर्व्हरपर्यंत रिकामं पोचतं.

संदेशाची भाषा हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. ‘अवैध इनपुट’ हे वाचून माणूस घाबरतो, आपलं काहीतरी बेकायदेशीर झालं असं त्याला वाटतं. ‘सर्व्हे नंबर सातबाऱ्यावर आहे तसाच लिहा, उदा. ११२/३अ/१’ असं लिहिलं की तो लिहितो. ते उदाहरण काकांच्या परवानगीने आमच्या फॉर्मवर आजही आहे.

आता नवं काम आलं की मी संगणक उघडण्याआधी संस्थेकडून हाताने भरलेले जुने दहा-पंधरा कागद मागून घेते. खाडाखोड झालेले, समासात काहीबाही लिहिलेले आधी. तेच एकेक करून नव्या फॉर्ममध्ये भरते. जिथे अडतं तिथे पेन्सिलने खूण करते, आणि मग बदल कागदात करायचा की फॉर्ममध्ये, हे संस्थेतल्या जाणत्या माणसाला विचारते. आतापर्यंत बहुतेक वेळा तो फॉर्ममध्येच करावा लागला आहे.