तुम्ही विंटर आहात का? घरच्या घरी कसं बघायचं

कोणते रंग आपल्याला शोभतात त्यावरून माणसांचे चार ऋतूंच्या नावाने गट पाडतात, त्यात विंटर म्हणजे थंड, ठळक रंग खुलणारे आणि ऑटम म्हणजे उबदार, मातकट रंग खुलणारे. सगळ्यात आधी एक सांगते, रंग सावळा आणि केस काळे म्हणजे विंटरच असं अजिबात नसतं, आपल्याकडे काळे केस जवळपास सगळ्यांचेच, त्यातले कितीतरी जण ऑटम निघतात. बघायचा असतो अंडरटोन, म्हणजे कातडीखालची झाक, तो गोऱ्या कातडीतही कूल (पिवळट नाही, निळसर-गुलाबी) असू शकतो आणि गडद कातडीतही.

मेकअप पूर्ण काढा, केस मागे बांधा, दिवसा खिडकीसमोर आरसा घेऊन बसा. ट्यूबलाइट, पिवळा बल्ब बंद. आता हनुवटीखाली एकदा पांढराशुभ्र कपडा धरा, मग क्रीम कलरचा. नजर कपड्यावर नको, चेहऱ्यावर ठेवा, डोळ्याखालची काळी वर्तुळं, ओठांच्या कडेची सावली. शुभ्र पांढऱ्याने ती कमी दिसली आणि क्रीमने चेहरा पिवळट, थकलेला वाटला तर विंटरची शक्यता चांगली आहे. मग राणी कलर विरुद्ध आबोली, असंच करून बघा, राणीत चेहरा खुलला तर विंटरकडे कल. चांदी शोभते की सोनं, यावरूनही थोडं कळतं (विंटरला चांदी), पण माझा भरवसा कपड्यावर जास्त.

विंटरचे पुढे तीन प्रकार. डीप विंटरला गडदपणा महत्त्वाचा, वाइन, बॉटल ग्रीन खुलतात, आणि हाच ऑटमच्या सगळ्यात जवळचा म्हणून इथेच गोंधळ होतो, तेव्हा मेहंदी रंगाचा कपडा लावून बघाच, त्यात चेहरा मळकट दिसला तर डीप विंटर. ट्रू विंटर म्हणजे पूर्ण कूल, रॉयल ब्लू, एमराल्ड मस्त. ब्राइट विंटरमध्ये डोळे चमकदार, केस आणि कातडीतला काँट्रास्ट जबरदस्त, हे लोक फिक्या राखाडीत एकदम विझल्यासारखे दिसतात, हॉट पिंक मात्र सहज पेलतात.